डोंगल कधी मोडेम, कधी सीडी: वारंवार उद्भवणाऱ्या ड्रायव्हरच्या तक्रारीचा माग

समस्येचे स्वरूप असे आहे. सिम घालून मोबाइल इंटरनेट देणारा यूएसबी डोंगल संगणकाला जोडला की एके दिवशी तो निमूट चालतो आणि दुसऱ्या दिवशी ‘मोडेम सापडला नाही’ एवढाच संदेश देतो. संगणक बंद करून सुरू केल्यावर, झोपेतून उठवल्यावर किंवा कार्यप्रणालीचे अपडेट येऊन गेल्यावर ही तक्रार हमखास डोके वर काढते. डोंगल उपसून पुन्हा खोचला की बहुधा काम भागते आणि नेमके त्यामुळेच मूळ कारणाचा शोध लांबणीवर पडत जातो. शेवटी वैतागून ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणालीला ते उपकरण चालवता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला जातो, चार दिवस बरे जातात आणि मग परत तेच घडते.

राधानगरी तालुक्यातील एका दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर मी हा प्रकार जवळजवळ वर्षभर पाहिला. सकाळचे संकलन सुरू होण्याआधी यंत्र इंटरनेटला जोडलेले असणे आवश्यक होते आणि आठवड्यातून दोनदा तरी सचिवांचा फोन येई, ‘आज डोंगल उठला नाही.’ मी चार वेळा ड्रायव्हर नव्याने टाकला. चारही वेळा तो जागेवरच होता आणि व्यवस्थितही होता, हे मला नोंदी वाचायला बसल्यावर कळले. खाली जे लिहिले आहे ते त्या अनुभवाच्या आणि नंतर इतरांची यंत्रे दुरुस्त करताना जे कळत गेले त्याच्या आधारे लिहिले आहे. ड्रायव्हर शोधण्याआधी संगणकाला या क्षणी कोणते उपकरण दिसते आहे ते पाहावे, हे माझे मुख्य म्हणणे आहे. डोंगल एकच असला तरी संगणकाला तो दोन वेगवेगळ्या रूपांत दिसू शकतो आणि चुकीच्या रूपासाठी बरोबर ड्रायव्हर शोधत बसणे हा या तक्रारीतला सर्वांत मोठा कालापव्यय आहे.

एक सूचना आधीच करतो. लेख देवनागरीत असल्यामुळे आज्ञा, फायलींची नावे आणि ओळखक्रमांक येथे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावे लागतील.

सर्वांत आधी नेटवर्क आहे का ते पाहावे

हा मुद्दा थोडक्यात आटोपतो, पण तो वगळून पुढे जाऊ नये. आज कपाटातून निघणारे बहुतेक डोंगल २०१० ते २०१५ या काळात विकले गेलेले थ्रीजी डोंगल असतात. एअरटेलने आपले थ्रीजी नेटवर्क २०२० पर्यंत देशभरात बंद केले. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओकडे टूजी आणि थ्रीजी कधी नव्हतेच. त्यामुळे थ्रीजी डोंगलमध्ये जिओचे सिम घातले तर नोंदणी होणारच नाही, आणि एअरटेलचे घातले तर डोंगल फार तर टूजीवर जाऊन कासवाच्या गतीने चालेल. बीएसएनएलचे सिम असेल तर आपल्या टॉवरवर थ्रीजी अजून चालू आहे का, याची चौकशी जवळच्या ग्राहक सेवा केंद्रात करून घ्यावी. टाटा फोटॉन प्लस आणि रिलायन्स नेटकनेक्ट यांचे सीडीएमए या निराळ्या तंत्राचे डोंगल ज्या नेटवर्कसाठी बनवले होते ती नेटवर्केच आता अस्तित्वात नाहीत, त्यामुळे त्यांच्या ड्रायव्हरच्या शोधात एक मिनिटही घालवू नये. जुने बरेच डोंगल ज्या कंपनीने विकले तिच्याच सिमला बांधलेले असत हेही विसरू नये. अशा डोंगलमध्ये दुसरे सिम घातले की तो संकेतांक मागतो आणि पडद्यावरचे सॉफ्टवेअर ते ‘उपकरण तयार नाही’ अशा मोघम शब्दांत सांगते.

एका डोंगलची दोन रूपे

डोंगल बनवणाऱ्यांनी ग्राहकाची सोय पाहिली आणि त्यातूनच हा घोळ उभा राहिला. डोंगलसोबत ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून ते सॉफ्टवेअर डोंगलच्या आतल्या स्मृतीतच साठवण्यात आले आणि डोंगल जोडताक्षणी तो संगणकाला सीडी ड्राइव्ह म्हणून दिसेल अशी व्यवस्था करण्यात आली. पेनड्राइव्हचे रूप न घेता सीडीचे का घेतले, यालाही कारण आहे. विंडोज सीडीवरील कार्यक्रम आपोआप सुरू करू देत असे. पेनड्राइव्हला ती मुभा विंडोज ७ पासून उरली नाही, सीडीला मात्र राहिली. सीडीवरचे सॉफ्टवेअर एकदा स्थापित झाले की पुढच्या वेळी तेच डोंगलला ‘आता रूप बदल’ असा आदेश देते; डोंगल क्षणभर यूएसबीवरून नाहीसा होतो आणि नव्या ओळखीने, म्हणजे मोडेम म्हणून, परत हजर होतो.

ही ओळख म्हणजे प्रत्येक यूएसबी उपकरणाने संगणकाला सांगितलेली दोन संख्यांची जोडी. पहिली संख्या निर्मात्याची असते आणि दुसरी उत्पादनाची. ह्युवेईचा निर्माता-क्रमांक १२डी१ आणि झेडटीईचा १९डी२ आहे. ह्युवेईचे ई१५५०, ई१७३ आणि त्यांच्या कुळातील अनेक डोंगल सीडीच्या रूपात १२डी१:१४४६ हा क्रमांक सांगतात आणि रूप बदलल्यावर मॉडेलनुसार १२डी१:१००१, १२डी१:१४३६ किंवा असाच दुसरा क्रमांक सांगतात. झेडटीईचे कित्येक डोंगल १९डी२:२००० म्हणून येतात आणि १९डी२:००३१ होतात. डोंगलच्या पाठीवर छापलेल्या कंपनीच्या नावावर मात्र विसंबू नये, कारण आयडिया नेटसेटरसारख्या नावांनी विकलेल्या डोंगलचा प्रत्यक्ष निर्माता निराळाच असे आणि ड्रायव्हरला निर्मात्याशीच कर्तव्य असते.

हा क्रमांक पाहण्यास अर्धा मिनिट पुरतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून संशयित उपकरणाच्या गुणधर्मांतील तपशिलाच्या पानावर ‘हार्डवेअर आयडी’ निवडावा. तेथे व्हीआयडी आणि पीआयडी या अक्षरांपुढे दोन्ही संख्या दिसतात. लिनक्समध्ये टर्मिनलवर एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की तीच जोडी एका ओळीत मिळते. डोंगल चालत असतानाचा क्रमांक आणि तो चालत नसतानाचा क्रमांक, असे दोन्ही कागदावर लिहून ठेवावेत. दोन्ही वेळा क्रमांक वेगळा असेल तर दोष रूपांतरात आहे. क्रमांक दोन्ही वेळा मोडेमचाच असेल तर ड्रायव्हर किंवा पोर्ट पाहावा. आणि क्रमांकच दिसत नसेल, किंवा दिसून नाहीसा होत असेल, तर विजेचा पुरवठा, केबल किंवा खुद्द डोंगल यांकडे वळावे. दूध संस्थेच्या यंत्रावर या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या महिन्यांत घडल्या होत्या आणि आम्ही त्या तिन्हींना ‘ड्रायव्हर गेला’ हे एकच नाव दिले होते.

रूपांतर अडते तेव्हा

लिनक्सवर रूपांतराचे काम यूएसबी_मोडस्विच हा कार्यक्रम करतो. योझुआ डीट्से यांनी लिहिलेला हा कार्यक्रम बहुतेक वितरणांत उपलब्ध असतो, पण लहान आकाराच्या स्थापनेत तो आपोआप आलेला असेलच असे नाही, आणि अनेक ठिकाणी तक्रारीचे कारण तो मुळात टाकलेलाच नाही एवढेच निघते. तो जे करतो ते तसे साधे आहे. साठवणीच्या उपकरणांना आदेश देण्यासाठी यूएसबीवर ३१ बाइटची एक चौकट ठरलेली आहे, जिची सुरुवात यूएसबीसी या चार अक्षरांनी होते. त्या चौकटीत निर्मात्याने ठरवलेला सांकेतिक आदेश घालून तो सीडीरूपातील डोंगलला पाठवला जातो. काही डोंगलना तर ‘सीडी बाहेर काढ’ हा नेहमीचा आदेशही पुरतो. म्हणूनच फाइल व्यवस्थापकात दिसणाऱ्या त्या सीडीवर ‘बाहेर काढा’ दाबताच काही मोडेम आपोआप जागे होतात. तातडीच्या वेळी हा उपाय करून पाहण्यास हरकत नाही.

डोंगल हाताने खोचल्यावर चालतो पण तो लावलेलाच ठेवून संगणक सुरू केला तर चालत नाही, ही तक्रार मला सर्वाधिक वेळा भेटली आहे. संगणक सुरू होत असताना यूएसबी उपकरणे फार लवकर ओळखली जातात आणि रूपांतराचा नियम ज्या क्षणी लागू व्हायला हवा त्या क्षणी त्यासाठी लागणारे कार्यक्रम किंवा फायली उपलब्ध असतीलच अशी खात्री नसते. शिवाय बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, कधी कधी त्या सीडीवरूनच संगणक सुरू करण्याचा प्रयत्न करतो. यावर पहिला उपाय म्हणजे बायोसमध्ये सुरुवातीच्या क्रमातून यूएसबी सीडी काढून टाकणे. दुसरा, आणि दूध संस्थेत जो कायमचा लागू पडला तो उपाय म्हणजे डोंगलमधील सीडीच बंद करणे.

त्यासाठी डोंगल मोडेमच्या रूपात असताना मिनिकॉम किंवा पुट्टीसारख्या कार्यक्रमातून त्याच्या पोर्टवर, म्हणजे कार्यक्रमांना मोडेमशी बोलण्यासाठी मिळणाऱ्या दारावर, एटी आज्ञा (मोडेमला अक्षरांत टंकून दिलेल्या सूचना) द्याव्या लागतात. ह्युवेईच्या जुन्या थ्रीजी डोंगलवर एटी^यू२डीआयएजी=० ही आज्ञा सीडीचे रूप बंद करते आणि डोंगल जोडताक्षणी थेट मोडेम म्हणून येतो. तीच आज्ञा २५५ या संख्येसह दिली की सीडी आणि मेमरी कार्डाचा वाचक परत येतात. झेडटीईच्या अनेक डोंगलवर एटी+झेडसीडीआरयूएन=८ ने सीडी बंद होते आणि ९ ने सुरू होते. हे करण्याआधी दोन पथ्ये पाळावीत. एक म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर त्याच सीडीवर आहे, तेव्हा तिची प्रत आधी हार्डडिस्कवर काढून ठेवावी. दुसरे म्हणजे आपल्या मॉडेलसाठी ही आज्ञा लागू असल्याची खात्री नसेल तर ती देऊ नये, कारण नंतरच्या पिढीतील डोंगलमध्ये पोर्टांची रचना निराळ्या आज्ञांनी ठरते आणि चुकीच्या संख्येमुळे आज्ञा देण्याचा पोर्टच नाहीसा होऊ शकतो. मग परतीची वाट उरत नाही.

आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात, डोंगल वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मूळ संगणकावरून डोंगल आभासी यंत्राकडे सोपवताना निवडलेला नियम सहसा एकाच ओळखक्रमांकासाठी असतो. रूप बदलताच क्रमांक बदलतो, नियम लागू होत नाही आणि डोंगल मूळ संगणकाकडे परत जातो. नियमात दोन्ही क्रमांक नोंदवावेत म्हणजे झाले.

मोडेम दिसतो, पण पोर्ट मिळत नाही

रूपांतर झाल्यावर लिनक्समध्ये ऑप्शन नावाचा ड्रायव्हर पुढे यायला हवा. नाव विचित्र वाटते, कारण तो प्रथम ऑप्शन या बेल्जियन कंपनीच्या कार्डांसाठी लिहिला गेला; पुढे इतर असंख्य निर्मात्यांचे क्रमांक त्याच्या यादीत भरत गेले. डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत ‘जीएसएम मोडेम कन्व्हर्टर’ जोडला गेल्याची आणि टीटीवाययूएसबी० पासून पुढे दोन-तीन पोर्ट तयार झाल्याची ओळ दिसली म्हणजे ड्रायव्हरने आपले काम केले आहे. ती ओळ नसेल आणि एलएसयूएसबीत मोडेमरूपाचा क्रमांक मात्र असेल, तर आपल्या कर्नेलच्या यादीत तो क्रमांक नसण्याची शक्यता आहे. तेव्हा ऑप्शन ड्रायव्हर चढवून त्याच्या न्यू_आयडी या फाइलमध्ये तो क्रमांक लिहिला की पोर्ट उमटतात. येथे दोन चुका सर्रास होतात. काही जण सीडीरूपाचा क्रमांक लिहितात, ज्याचा काहीच उपयोग नाही. आणि न्यू_आयडीत लिहिलेले पुढच्या वेळी संगणक सुरू होताना पुसले जाते, हे लक्षात न आल्याने ‘काल चालला, आज नाही’ हे गाऱ्हाणे पुन्हा सुरू होते. कायमची सोय यूडेव्ह या उपकरणे हाताळणाऱ्या व्यवस्थेच्या नियमातच करावी लागते.

दूध संस्थेतील दुसरे कारण मात्र ड्रायव्हरच्या पलीकडचे होते आणि ते सापडल्यावर मला स्वतःचाच राग आला. जोडणी करणारा कार्यक्रम टीटीवाययूएसबी० या पोर्टवर बसलेला असताना डोंगल क्षणभर तुटला, तर तो कार्यक्रम बंद होईपर्यंत ते नाव मोकळे होत नाही. डोंगल परत आला की कर्नेल त्याला पुढची मोकळी नावे देतो, म्हणजे पूर्वीचा शून्य क्रमांकाचा पोर्ट आता दुसऱ्याच क्रमांकाचा होतो. आमच्या आज्ञावलीत मात्र शून्य पक्के लिहिलेले होते. मोडेम जिवंत, ड्रायव्हर जिवंत, सिम नोंदलेले, आणि कार्यक्रम रिकाम्या खोलीचे दार ठोठावत बसलेला. डेव्ह निर्देशिकेतील सीरियल या उपनिर्देशिकेत बाय-आयडी नावाखाली उपकरणाच्या ओळखीवरून ठरणारी स्थिर नावे असतात. आज्ञावलीत ती वापरली की क्रमांक सरकण्याचा त्रास संपतो. एकाच मॉडेलचे दोन डोंगल एकाच यंत्राला लावलेले असतील आणि त्यांना स्वतंत्र अनुक्रमांक नसेल, तर बाय-आयडीऐवजी बाय-पाथ ही नावे घ्यावीत, कारण ती कोणत्या यूएसबी खाचेत डोंगल आहे यावरून ठरतात.

मोडेममॅनेजर ही पार्श्वभूमीत चालणारी सेवाही पोर्टवर हक्क सांगते. नवा पोर्ट दिसला की ती त्यावर आज्ञा पाठवून चाचपणी करते, आणि त्याच वेळी आपला कार्यक्रमही तोच पोर्ट उघडू पाहत असेल तर दोघांचीही उत्तरे एकमेकांत मिसळतात. नेटवर्कमॅनेजरमधून जोडणी करायची असेल तर मोडेममॅनेजर हवाच. स्वतःची आज्ञावली वापरायची असेल तर त्या सेवेला हा डोंगल सोडून देण्यास सांगावे किंवा ती बंद करावी. दोन्ही घोड्यांवर बसू नये.

ड्रायव्हर निर्दोष आहे का, हे ठरवण्याची सर्वांत सोपी कसोटी एटी आज्ञांचीच आहे. पोर्ट उघडून एटी टंकावे आणि ओके उत्तर यावे. एवढे झाले की ड्रायव्हरची चौकशी संपली. पुढे एटी+सीपीआयएन? या प्रश्नाला ‘रेडी’ उत्तर आले म्हणजे सिम ठीक आहे. एटी+सीआरईजी? च्या उत्तरात दुसरा अंक १ असेल तर स्वतःच्या नेटवर्कवर नोंदणी झाली आहे, ५ असेल तर रोमिंगवर, २ असेल तर शोध चालू आहे आणि ३ असेल तर नेटवर्कने नकार दिला आहे. एटी+सीएसक्यू ० ते ३१ या मापात सिग्नल सांगते. आलेल्या अंकाची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएममधील मूल्य मिळते, म्हणजे १० या उत्तराचा अर्थ उणे ९३ डीबीएम होतो; ९९ म्हणजे मोजता आले नाही. दहाच्या खालच्या अंकावर डोंगल तासन्‌तास टिकून राहील अशी अपेक्षा मी तरी ठेवत नाही.

विजेचे गणित

तिसरे कारण सापडायला सर्वाधिक वेळ लागला. डीमेसेजमध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आणि लगेच ‘नवे हाय-स्पीड उपकरण’ अशा जोड्या एकामागून एक दिसत होत्या, पण डोंगलला कोणी हात लावलेला नव्हता. यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणित मर्यादेनुसार ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॉट. टूजी प्रक्षेपणात ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हाती धरण्याच्या उपकरणाची शिखर शक्ती २ वॉट असू शकते; ती आठ कालखंडांपैकी एक-दोनांपुरतीच असते, त्यामुळे सरासरी सोसवते, पण त्या झटक्यांना लागणारा प्रवाह पोर्टच्या मर्यादेला भिडतो. थ्रीजीत हीच मर्यादा साधारण पाव वॉटची आहे. म्हणजे थ्रीजी बंद होऊन डोंगल टूजीवर ढकलला गेला आणि टॉवर दूर असला, तर जुन्या संगणकाच्या पुढच्या बाजूच्या पोर्टवर, लांब आणि बारीक तारेच्या जोडकेबलवर तो वारंवार कोलमडणे हे अगदी अपेक्षित आहे. कोल्हापूर शहरात आणून पाहिला की तोच डोंगल तासन्‌तास चाले, कारण तेथे टॉवर जवळ असल्याने त्याला पूर्ण शक्तीने ओरडावे लागत नसे. आम्ही ती केबल काढली, डोंगल स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या हबला लावला आणि तो हब खिडकीजवळ ठेवला. त्यानंतर त्या जोड्या नोंदींतून नाहीशा झाल्या.

वीज वाचवण्याच्या सोयी हे याच घरातले दुसरे कारण आहे. लिनक्सवर टीएलपी किंवा पॉवरटॉप यांनी यूएसबी उपकरणे आपोआप झोपवण्याची व्यवस्था चालू केलेली असते, आणि काही डोंगल त्या झोपेतून नीट उठत नाहीत. टीएलपीत अशी मोबाइल ब्रॉडबँड उपकरणे वगळण्याचा पर्याय आहे. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावरील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ या अर्थाची खूण काढावी.

विंडोजवरचे वेगळे दुखणे

विंडोजमध्ये प्रथम डिव्हाइस मॅनेजरमधील त्रुटीचा क्रमांक वाचावा, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही, आणि येथे बहुधा जुन्या ड्रायव्हरचे अवशेष किंवा विजेचा प्रश्न असतो. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पटलेली नाही. शेवटच्या प्रसंगी स्वाक्षरीची तपासणीच बंद करण्याचा सल्ला अनेक जण देतात. केवळ एका जुन्या डोंगलसाठी सबंध यंत्राचे दार उघडे टाकणे मला योग्य वाटत नाही, विशेषतः ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात त्यावर.

विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय अनेक नव्या यंत्रांवर सुरुवातीपासून चालू असते आणि जुने, तिच्याशी न जुळणारे ड्रायव्हर ती चढू देत नाही. विंडोज सिक्युरिटीतील डिव्हाइस सिक्युरिटीच्या विभागात अशा ड्रायव्हरांची यादी दिसते. आपल्या डोंगलच्या ड्रायव्हरचे नाव त्या यादीत असेल तर तो पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. नवी आवृत्ती शोधावी, नाही तर डोंगल बदलावा. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर तर इंटेल-एएमडीसाठी बनलेले जुने ड्रायव्हर चालतच नाहीत.

वारंवार परतणाऱ्या तक्रारीचे विंडोजवरील नेहमीचे मूळ मात्र साचलेल्या अवशेषांत असते. डोंगल प्रत्येक वेळी वेगळ्या पोर्टला लावला की त्याच्या नव्या नोंदी तयार होतात, आणि दोन-तीन कंपन्यांचे डोंगल वापरून झालेले असतील तर त्यांची जोडणीची सॉफ्टवेअरे एकाच मोडेमवर झडप घालतात. आधी ती सर्व सॉफ्टवेअरे काढावीत. मग डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेन्यूतून लपलेली उपकरणे दाखवण्यास सांगून पुसट दिसणाऱ्या जुन्या मोडेम आणि पोर्टच्या नोंदी काढून टाकाव्यात. त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर पीएनपीयूटिलच्या साहाय्याने ड्रायव्हरांची यादी मागवावी आणि डोंगलच्या निर्मात्याच्या नावाची, ओईएमने सुरू होणारी पॅकेजे एकेक करून काढावीत. या यादीत ग्राफिक्स आणि वायफायचीही पॅकेजे असतात, त्यामुळे निर्मात्याचे नाव वाचल्याशिवाय काहीही काढू नये. यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच नवा ड्रायव्हर टाकावा.

जोडणीचे ते रंगीबेरंगी सॉफ्टवेअर मुळात अपरिहार्य नाही. मोडेमचा ड्रायव्हर बसला की विंडोजमध्ये साधी डायल-अप जोडणी तयार करता येते. क्रमांकाच्या जागी *९९# लिहावे आणि मोडेमच्या प्रगत गुणधर्मांतील जादा आज्ञांच्या चौकटीत एटी+सीजीडीसीओएनटी या आज्ञेने आपल्या कंपनीचा एपीएन, म्हणजे तिच्या इंटरनेट प्रवेशद्वाराचे नाव, द्यावा. बीएसएनएलसाठी तो बीएसएनएलनेट आणि एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम असा आहे. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड सहसा रिकामे ठेवले तरी चालतात. अपडेटनंतर बंद पडणारा घटक बऱ्याचदा ते सॉफ्टवेअरच असते, ड्रायव्हर नव्हे, हे या जोडणीमुळे लगेच उघड होते.

जेव्हा पोर्ट नसणेच बरोबर असते

नंतरच्या काळातील अनेक डोंगल मोडेमचे पोर्ट दाखवतच नाहीत. ह्युवेईचे हायलिंक पद्धतीचे डोंगल स्वतःच छोटा राउटर असतात. ते १२डी१:१एफ०१ म्हणून येतात, १२डी१:१४डीसी किंवा १२डी१:१४डीबी होतात आणि संगणकाला नेटवर्क कार्डासारखे दिसतात. त्यांच्याशी बोलण्यासाठी ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता उघडायचा असतो. अशा डोंगलसाठी टीटीवाययूएसबी पोर्ट किंवा डायल-अप जोडणी शोधणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यापैकी एकाने याच शोधात चालती विंडोज नव्याने टाकली होती.

याशिवाय एमबीआयएम या सामायिक पद्धतीने बोलणारे डोंगल आहेत. हे प्रमाण यूएसबीच्या संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केले आणि विंडोज ८ पासून त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो. लिनक्स कर्नेलमध्ये तो २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत आला. क्वालकॉमच्या स्वतःच्या क्यूएमआय पद्धतीसाठीचा ड्रायव्हर त्याआधी, २०१२ मधील ३.४ या आवृत्तीत आला होता. आज नवा डोंगल विकत घ्यायचा असेल तर मी हायलिंक किंवा एमबीआयएम यांपैकीच घेईन, कारण त्यांत निर्मात्याच्या ड्रायव्हरवर विसंबावे लागत नाही. मात्र परदेशातून मागवताना फोरजीचे पट्टे अवश्य तपासावेत. जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ५, ३ आणि ४० या क्रमांकांचे पट्टे वापरते. युरोपसाठी बनवलेल्या कित्येक डोंगलमध्ये ५ आणि ४० हे पट्टे नसतात. तसा डोंगल शहरात ३ वर चालतो आणि गावाकडे, जेथे फक्त ८५० पोहोचते, तेथे नेटवर्कच दाखवत नाही. मग पुन्हा ड्रायव्हरवर संशय जातो.

एवढे करूनही अडचण सुटली नाही आणि दुसऱ्याला विचारायची वेळ आली, तर ‘डोंगल चालत नाही, ड्रायव्हर द्या’ असे लिहू नये. दोन्ही रूपांचे ओळखक्रमांक, कार्यप्रणालीची नेमकी आवृत्ती, विंडोज असेल तर त्रुटीचा क्रमांक, लिनक्स असेल तर डोंगल खोचल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटातील डीमेसेजच्या ओळी, सिम कोणत्या कंपनीचे आणि एटी+सीआरईजी? चे उत्तर काय आले, एवढे एकत्र लिहावे. सिमचा क्रमांक, डोंगलचा आयएमईआय क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि पिन मात्र त्यातून खोडून टाकावेत. ते निदानासाठी कोणालाही लागत नाहीत.